गोठलेल्या धरणावर ट्राउट पकडायला येताय? आधी हे वाचून घ्या

बुकिंग झालं की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, मासे मिळतील ना? दुसरा जरा हळू आवाजात येतो, बर्फ फुटणार तर नाही ना? या पत्रकात आम्ही दुसऱ्या प्रश्नाला जास्त जागा दिलीये आणि का ते वाचता वाचता कळेलच. माशांचं पण सांगतो, काळजी नको.

आमच्याकडे येणारे बरेच जण आधी एखाद्या नैसर्गिक तलावावर बर्फात मासेमारी करून आलेले असतात, निदान व्हिडिओ तरी भरपूर बघितलेले असतात, आणि त्यांना वाटतं की बर्फ तो बर्फ, तलाव काय आणि धरण काय. फरक आहे आणि मोठा आहे. तलाव गोठला की खालचं पाणी बहुतेक जागच्या जागी असतं. डोंगरातल्या धरणात मात्र हिवाळाभर कोणीतरी पाणी सोडत असतं, वीज बनवायला, शहराला, शेतीला, आणि वरचे ओढे गोठलेले असल्यामुळे येणारं पाणी कमी, म्हणजे पातळी हळूहळू उतरत राहते. मधला बर्फ तरंगतोय त्यामुळे तो पाण्याबरोबर खाली सरकतो. काठाचा बर्फ जमिनीला, दगडांना धरून बसलेला, तो कुठे सरकणार? मग तो तरी वाकतो, तरी तडकतो, नाहीतर तसाच लटकून राहतो आणि खाली पोकळी.

एकदा आमच्यासमोरच झालेलं सांगतो. सकाळी सकाळी काठापासून पंधरा-वीस पावलांवर तपासायला म्हणून ऑगर, म्हणजे बर्फाला भोक पाडायचा गिरमिट, लावला, पाच इंच मस्त काचेसारखा बर्फ कापला, आणि पुढे ऑगर धप्पकन खाली गेला पण भोकातून पाणी काही वर आलं नाही. तरंगणाऱ्या बर्फाला भोक पाडलं की पाणी लगेच जवळजवळ काठोकाठ चढतं, इथे काहीच नाही. टॉर्च मारून बघितलं तर हातभर खाली काळं पाणी आणि मध्ये नुसती हवा. पाच इंच म्हणजे चालण्यासाठी कागदावर पास, पण जाडीचे ते आकडे खालून पाण्याचा टेकू असलेल्या बर्फाचे असतात, अधांतरी छपराचे नाहीत. त्या दिवशी आम्ही ग्रुपला तिथूनच परत फिरवलं, दोन जण चांगलेच नाराज झाले, एक अजून आमच्याशी नीट बोलत नाही. चालेल.

म्हणून आमची पद्धत अशी की सगळ्यात पुढे आमचा माणूस जातो, हातात जड लोखंडी पहार, आणि प्रत्येक दोन पावलांवर समोर जोरात ठोकत. घट्ट बर्फावर पहारीचा आवाज टणक येतो आणि ती उसळते, पातळ किंवा पोकळ असेल तर आवाज बसका येतो, कधी दोन ठोक्यात पहार आरपार. तो पुढे असताना त्याच्या बाजूने शॉर्टकट मारायचा नाही, त्याच्याच मागे, एकमेकांत पाच-सहा पावलं अंतर ठेवून चालायचं. फोटो नंतर.

जाडीचं साधं गणित सांगून ठेवतो. नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ चालत जाणाऱ्या माणसाला कमीत कमी 4 इंच पाहिजे. स्नोमोबाइल किंवा त्यासारखी छोटी गाडी न्यायची तर 5 ते 7 इंच. पांढरा, दुधाळ बर्फ असेल, म्हणजे वर पडलेला स्नो भिजून गोठलेला, तर त्याची ताकद निम्मी धरायची आणि जाडी दुप्पट मागायची. करडा दिसणारा बर्फ असेल तर पायच ठेवायचा नाही, त्याच्यात पाणी मुरलेलं असतं. आणि कृपा करून 4 इंचाला चार बोटं समजू नका! हसू नका, हे खरंच होतं, चार बोटं आडवी धरली की जेमतेम 3 इंच भरतात. आमच्याकडे आकडा असलेली पट्टी असते, तीच भोकात घालून मोजायची, आणि एका भोकावर समाधान मानायचं नाही कारण पन्नास पावलांवर जाडी वेगळी निघू शकते.

धरणाची भिंत, पाणी आत ओढून घेणारा टॉवर, ओढा येऊन मिळतो ते तोंड, पाण्यात बुडालेली झाडांची खोडं, पुलाचे खांब, या सगळ्यांपासून लांब. वाहतं पाणी बर्फ खालून खात असतं आणि वरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. बर्फावर जाड स्नो पडलेला असेल तर तोही फसवतो, एकतर तो रजईसारखा थंडी आत जाऊ देत नाही म्हणून खालचा बर्फ वाढत नाही, आणि त्याच्या वजनाने बर्फाची लादी दबून फटीतून पाणी वर येतं, मग पाय टाकला की घोट्यापर्यंत थंडगार पाणी आणि स्नोचा लगदा.

आणि हो, आवाज. सूर्य वर आला की, किंवा संध्याकाळी पारा उतरला की बर्फ गडगडतो, कधी लांबून कोणीतरी पत्रा ओढत नेल्यासारखा, कधी पायाखालून चाबूक मारल्यासारखा आवाज जातो. पहिल्यांदा ऐकणारा माणूस जागच्या जागी पुतळा होतो. बर्फ तापमानाने पसरतो-आकसतो त्याचा तो आवाज, बहुतेक वेळा त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण आवाजाबरोबर पाणी वर येताना दिसलं किंवा पायाखाली लादी हलल्यासारखी वाटली तर आम्ही सांगण्याची वाट बघू नका, आलात त्याच वाटेने मागे.

आता माशांकडे येऊ.

पाणी सगळ्यात जड 4 अंश सेल्सिअसला असतं, त्यामुळे हिवाळ्यात उलटंच होतं, थंड पाणी वर, बर्फाच्या लगेच खाली शून्याच्या आसपास, आणि तळाशी त्यातल्या त्यात उबदार. बरेच मासे तळाशी सुस्तावून बसतात. ट्राउट थंड पाण्याचाच मासा, तो हिवाळ्यातही फिरतो आणि खातो, आणि त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो, म्हणून बर्फाखालचा वरचा थर त्याला चालतो. नवीन माणूस हमखास धरणाच्या मधोमध, सगळ्यात खोल जागी जाऊन बसायला बघतो, कारण मोठं धरण म्हणजे मोठे मासे खोलात असणार. रेनबो ट्राउट मात्र कितीतरी वेळा 6 ते 15 फूट पाण्यात, काठाला समांतर गस्त घालत असतो, जिथे उथळ भाग एकदम खोल होतो त्या उताराच्या कडेने. ब्राउन ट्राउट जरा तळ धरून, जास्त लाजाळू. अजून एक, लेक ट्राउट, तो असेल तर त्याच्यासाठी खरंच खोलात जावं लागतं, पण ती वेगळी ट्रिप.

गस्त घालणारा मासा आहे म्हणून त्याचं येणं-जाणं पण तसंच. वीस मिनिटं काहीच नाही, मग पाच मिनिटांत तिघांच्या रॉडला एकदम हालचाल, परत शांत. त्या शांत वेळात लोक कंटाळून फोन काढतात आणि नेमकी तेव्हाच ट्राउटची फेरी येते. पहाटे उजाडताना आणि नंतरचे दोन तास आमच्या अनुभवात सगळ्यात चांगले, म्हणून आम्ही तुम्हाला अंधारात उठवतो, त्याबद्दल आधीच सॉरी.

उथळ पाण्यात आवाज फार महत्त्वाचा. आम्ही गेल्या गेल्या सगळी भोकं एकदाच पाडून घेतो, 8 इंची, आणि मग थोडा वेळ तिकडे फिरकतच नाही. भोकातला बर्फाचा चुरा काढायला झारा असतो, तळणीचा असतो तसाच पण लांब दांड्याचा, तो बहुतेक वेळा लहान मुलांना आवडतो आणि त्यांना ते काम देऊन टाकतो. मोठ्यांनी आपापसात भोकाभोवती पाय आपटत गप्पा मारू नयेत, उभं राहायचं तर एका जागी.

लाइन बारीक, 4 पौंडांचा ताण पेलणारी, कारण बर्फाखालचं पाणी नितळ असतं आणि जाड लाइन ट्राउटला दिसते. छोटा जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, त्याच्यावर किडा किंवा अळीचं आमिष, आणि तळापासून दोन-तीन फूट वर. सुरुवात इथून करा, नाही जमलं तर वर वर आणत बर्फाच्या अगदी खालपर्यंत या. हात किती हलवायचा हे लिहून सांगणं कठीण आहे, पण बहुतेक जण गरजेपेक्षा तिप्पट हलवतात. दोनदा हलकेच उचला आणि सोडून द्या, जिग पूर्ण थांबू द्या, ट्राउट थांबलेल्या जिगला जास्त वेळा तोंड लावतो.

आणि आता खरी गंमत. लोकांना वाटतं मासा लागला की रॉडचं टोक खाली वाकणार. कित्येकदा वर येतं! म्हणजे जिगच्या वजनाने टोक किंचित वाकलेलं असतं आणि मासा आमिष तोंडात धरून वरच्या दिशेने आला की वजन गायब, टोक सरळ, लाइन सैल. हा इतका बारीक फरक असतो की थंडीत डोळ्यातलं पाणी पुसण्यात तो निघून जातो. लाइन सैल दिसली की विचार न करता मनगटाने वर. झटका नको, नुसतं मनगट. मासा लागला की ड्रॅग, म्हणजे रीळावरचा लाइनचा ब्रेक, ढिला असला पाहिजे, ट्राउट भोकाखाली गोल गोल फिरतो आणि बर्फाच्या धारेला लाइन घासली की खेळ संपला, म्हणून रॉडचं टोक भोकाच्या मध्यावर, गरज पडली तर थेट पाण्यात बुडवून धरा. माशाचं डोकं भोकात शिरलं की मग न थांबता वर.

सोडायचा असेल तर बर्फावर ठेवू नका. शून्याच्या बऱ्याच खाली तापमान असलं की कल्ले आणि डोळे काही सेकंदांतच गोठायला लागतात, वरून पोहत गेलेला दिसतो पण वाचतोच असं नाही. ओल्या हाताने, पाण्यातच किंवा पाण्याच्या अगदी जवळ गळ काढा, खोल गिळला असेल तर लाइन कापून सोडा. ठेवायचे किती, रॉड किती चालतात, जिवंत आमिष चालतं का, हे प्रत्येक जलाशयाचं वेगळं असतं आणि लायसन्स प्रत्येकाचं स्वतःचं लागतं, ते नसेल तर तुम्ही नुसते बघायला बसाल, रॉड हातात मिळणार नाही, यावर वाद नको.

कपडे. कॉटन घालून येऊ नका, जीन्स तर नाहीच, घाम आला की ओलं कापड अंगाला चिकटतं आणि नंतर थंडी वाजायची थांबत नाही. आत लोकर किंवा सिंथेटिक, वर वारा अडवणारं जाकीट, आणि स्लेज ओढताना एक थर काढून ठेवा. हातमोज्यांचे दोन जोड आणा, एक भिजणारच. उंचीवर हवा विरळ, 3000 मीटरवर समुद्रसपाटीच्या मानाने ऑक्सिजन साधारण सत्तर टक्केच मिळतो, त्यामुळे डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नका. ताज्या स्नोवरून 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत उडतात, म्हणजे ऊन खालून पण लागतं, गॉगल विसरलात तर संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होईल. तंबूत हीटर असतो, म्हणून तंबूची हवेची झडप आम्ही उघडी ठेवतो आणि कोणीतरी गपचूप बंद करतं, तसं करू नका, हीटरमधून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कोणी पाण्यात पडलंच तर एक, दहा, एक हे लक्षात ठेवा. पहिलं एक मिनिट श्वास आपोआप जोरजोरात चालतो, तेव्हा धडपड न करता तो ताब्यात आणायचा. पुढची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे असतात, बाहेर पडायचं ते यातच. आणि शुद्ध हरपायला बहुतेक माणसांना साधारण तासभर लागतो, म्हणजे घाबरून सोडून द्यायचं काही कारण नाही. आलात त्या दिशेला तोंड करा, कारण तिथला बर्फ तुम्हाला पेलत होता, गळ्यातल्या दोन टोच्या, म्हणजे हातात धरायचे अणकुचीदार खिळे, बर्फात रुतवा, पाय मागे जोरात मारत आडवे होऊन सरका आणि बाहेर आल्यावर उभे न राहता लोळत लांब जा. बाकीच्यांनी पळत जवळ जायचं नाही, दोर फेकायचा. या टोच्या आम्ही प्रत्येकाच्या गळ्यात घालतो, लॉकेटसारख्या दिसतात म्हणून काही जण जाकिटाच्या आत सरकवतात, त्या बाहेरच राहू द्या.

आदल्या संध्याकाळी आम्ही धरणावर जाऊन बर्फ मोजतो, पाण्याचा विसर्ग किती चाललाय ते बघतो, आणि मग तुम्हाला मेसेज करतो, हो किंवा नाही. मेसेजमध्ये ‘नाही’ असेल तर पैसे परत किंवा दुसरी तारीख, जे तुम्हाला सोयीचं. मेसेज रात्री उशिरा येऊ शकतो, फोन सायलेंटवर टाकून झोपू नका, आणि सकाळी निघताना तो आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा, बाहेरच्या खिशात बॅटरी तासाभरात मान टाकते.