घरातील दमटपणा

राहत्या घरातील हवेत, भिंतींत आणि सामानात गरजेपेक्षा जास्त पाणी साठून राहण्याची स्थिती. कोल्हापुरात तिला सरसकट ‘ओल’ म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. हवेत कोंडलेली वाफ आणि भिंतीत मुरलेले पाणी ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. भिंत गळत असताना खोलीत हवा कोरडी करणारे यंत्र लावणारे आणि खोलीत कपडे वाळत घालून भिंतीला वॉटरप्रूफिंग करणारे, दोघेही पैसे घालवतात.

कोल्हापूर शहरात वर्षाला सुमारे १,००० मि.मी. पाऊस पडतो. पश्चिमेला साधारण ५५ कि.मी.वरच्या गगनबावड्यात तो ५,००० मि.मी.च्या पुढे जातो. शहराचा पाऊस आकड्यात मोठा नसला तरी चिवट असतो. आर्द्रापासून ‘तरणा’ (पुनर्वसू) आणि ‘म्हातारा’ (पुष्य) सरेपर्यंत सूर्य आठ-आठ दिवस दिसत नाही आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. घरात ४० ते ६० टक्के सोसवते. ७०च्या वर ती दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते. आकडा कळण्यासाठी स्वस्तातला हायग्रोमीटर मिळतो, पण त्याआधी घरच सांगते. काड्यापेटी सादळते, मिठाला पाणी सुटते, गूळ चिकट होतो आणि कोपऱ्यात ठेवलेल्या कोल्हापुरी चपलेवर पांढरट-हिरवी लव येते. मिठाचे पाणी हा तर बऱ्यापैकी नेमका मापक आहे: आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते.

पाणी येते कुठून, हे मोजून पाहण्यासारखे आहे. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा २५° से.ला जास्तीत जास्त पाऊण लिटरभर पाणी वाफेच्या रूपात धरू शकते. धुऊन पिळलेल्या बादलीभर कपड्यांत याच्या दुप्पट-तिप्पट पाणी सहज असते. म्हणजे बेडरूममध्ये दोरी बांधली की ती खोली आपणच भिजवतो. स्वयंपाकाचा गॅसही यात आहे: एक किलो गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन बाहेर पडते, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरमागे वीस-बावीस लिटर. वर भात, आमटी आणि आंघोळीच्या पाण्याची वाफ वेगळी.

म्हणून पहिला उपाय वाफ जन्मते तिथेच तिला बाहेर घालवण्याचा. न्हाणीघरातला आणि स्वयंपाकघरातला एग्झॉस्ट पंखा काम संपल्यावरही पंधरा-वीस मिनिटे चालू ठेवावा. बाहेर पाइप न काढलेली चिमणी तेलाचा वास अडवते, वाफ मात्र परत खोलीत सोडते. कपड्यांसाठी गच्चीवर पत्र्याचे शेड घालण्याची कोल्हापुरी रीत दिसायला बेढब असली तरी दुहेरी कामाची आहे: दोरीही बाहेर जाते आणि स्लॅबही कोरडा राहतो.

खिडक्या उघडाव्यात की नाही, यावर घराघरात वाद असतो. बाहेर पाऊस लागलेला असताना २४° से. तापमान आणि ९५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेत घनमीटरमागे सुमारे २१ ग्रॅम पाणी असते, २७° से. आणि ७० टक्के आर्द्रतेच्या खोलीत १८ ग्रॅम. अशा वेळी ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या सताड उघडणे म्हणजे पाणी आत बोलावणे. उघडीप पडली, ऊन आले, की मात्र सगळे उघडावे आणि गाद्या, उशा, पेट्या बाहेर काढाव्यात. कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावीत; बुरशी पहिल्यांदा त्यांच्या पाठीमागे धरते.

डीह्युमिडिफायर थंड नळ्यांवरून हवा नेतो, वाफेचे पाणी करतो आणि टाकीत जमा करतो. त्याला दारे-खिडक्या बंद लागतात. कोल्हापूरच्या पावसाळी तापमानात तो चांगला चालतो. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड तेच काम थोडे कमी करतो. कपाटापुरते कॅल्शियम क्लोराइडचे डबे पुरतात. वाटीभर मिठाने खोली कोरडी होत नाही. धूप-ऊद कुबट वास झाकतात, डांबरगोळ्या कसर आवरतात. पाणी दोघांनाही हटवता येत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर ठेवूच नये, तिच्या विषारी वायूने जीव जातो. कपाटात पिवळा बल्ब लावण्याची जुनी युक्ती त्याच्या उष्णतेमुळे लागू पडत असे. एलईडी लावून ती करणारे फक्त कपडे उजळतात.

भिंतीची ओल ओळखायला एक सोपी परीक्षा आहे. भिंतीचा कोरडा वाटणारा भाग निवडून त्यावर वहीच्या पानाएवढी अॅल्युमिनियमची फॉइल चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावी आणि दोन दिवसांनी पाहावे. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर दोष हवेचा. काढल्यावर मागची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येते आहे. ते गच्चीच्या कोब्यातल्या भेगेतून, फुटलेल्या नळातून किंवा जमिनीतून वर चढते. जमिनीतून चढणाऱ्या पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडून गेले की ते मागे राहतात आणि भिंतीला लोणा लागतो. जुन्या पेठांतल्या माती-चुन्याच्या भिंती ही ओल श्वासासारखी बाहेर सोडत. त्यांवर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढला, की पाणी आत अडकते आणि आणखी वर चढते. घाटाकडच्या गावांत पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला गवता-पेंढ्याचा आडोसा बांधत. आता तिथे प्लॅस्टिकचा कागद दिसतो, पण विचार तोच: भिंत भिजूच द्यायची नाही.

पंचगंगेच्या पुराने भिजलेली घरे हा वेगळाच मामला. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तिच्या बरेच वर गेले. गाळ काढून फरशी चकचकीत झाली तरी भिंतीच्या पोटातले पाणी निघायला महिने लागतात. लोकांना मात्र दिवाळीच्या आत रंग हवा असतो. ऑक्टोबरच्या उन्हाने वरचा पापुद्रा सुकतो, रंगारी पुट्टी मारतो, लक्ष्मीपूजनाला घर नवे दिसते आणि पाडव्याला गुढी उभारताना कंबरेइतक्या उंचीवर पोपडे सुटू लागतात. जुना गिलावा पुराच्या खुणेच्या हातभर वरपर्यंत खरवडून भिंत पुढच्या एप्रिल-मेपर्यंत उघडी ठेवणे कुरूप दिसते, पण ती आतून सुकवायचा उपाय तोच. गच्चीचा कोबाही त्याच महिन्यांत, मृग लागण्याआधी करून घेतात.