मँकविट्स कोणता: थोरला की धाकटा?

‘सिटिझन केन’ लिहिणारा आणि ‘ऑल अबाउट इव्ह’ काढणारा मँकविट्स एकच, असं धरून चालणारे बरेच भेटतात. ते दोघे सख्खे भाऊ. डेव्हिड फिंचरच्या 2020 सालच्या चित्रपटातला ‘मँक’ म्हणजे थोरला, हर्मन.

हर्मन (1897–1953) न्यूयॉर्कचा नाट्यसमीक्षक. हॉलिवूडमध्ये पैसा मिळाला, तो जुगारात आणि दारूत गेला. ‘केन’चा पहिला खर्डा त्याने 1940 मध्ये कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला, पाय प्लास्टरमध्ये असताना तोंडी सांगून लिहवून घेतला. करारानुसार श्रेयनामावलीत त्याचं नाव येणारच नव्हतं. ते त्याने भांडून मिळवलं. त्या चित्रपटाला मिळालेलं एकमेव ऑस्कर पटकथेचं, तेही दिग्दर्शक ऑर्सन वेल्ससोबत वाटून. दिग्दर्शन त्याने कधीच केलं नाही.

जोसेफ (1909–1993) धाकटा. 1929 मध्ये त्याला पॅरामाउंट स्टुडिओत चिकटवलं ते हर्मननेच. पुढे एमजीएम स्टुडिओत त्याला दिग्दर्शक व्हायचं होतं, पण स्टुडिओप्रमुख लुई मेयरने निर्माता करून बसवलं. तिथे असताना ‘थ्री कॉम्रेड्स’साठी त्याने कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डचे संवाद बेधडक बदलले आणि फिट्झजेराल्ड भयंकर चिडला. स्वतःच्या शब्दांना कुणी हात लावू नये म्हणून कॅमेऱ्यामागे जाऊ पाहणाऱ्या माणसाने हे करावं, याची मला गंमत वाटते.

दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव लागलं ते फॉक्स स्टुडिओत, 1946 साली. मग ‘अ लेटर टू थ्री वाइव्ह्ज’ (1949) आणि ‘ऑल अबाउट इव्ह’ (1950) या दोन्हींसाठी पटकथा आणि दिग्दर्शन अशी दोन-दोन ऑस्करं. लागोपाठ दोन वर्षं असं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. थोरल्याला नावासाठी भांडावं लागलं; धाकट्याने वाद होऊच नये अशी जागा पटकावली. दोघांतला खरा फरक मला इथे दिसतो.

अर्थात ती जागाही कायमची नव्हती. ‘क्लिओपात्रा’त (1963) तो दिवसा चित्रीकरण करी, रात्री पुढचे प्रसंग लिही. त्याला दोन स्वतंत्र चित्रपट हवे होते, पण संकलन फॉक्सच्या प्रमुखाने, डॅरिल झॅनकने, हातात घेतलं आणि सगळं एकाच चित्रपटात कोंबलं.

शेवटचा ‘स्लूथ’ (1972) मात्र झकास. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि मायकल केन या दोघांनाही नामांकन, जोसेफलाही दिग्दर्शनासाठी. पटकथा मात्र त्याची नव्हती. ती मूळ नाटककार अँथनी शॅफरने लिहिली होती.