मुलांच्या सर्दी-खोकल्यावरील घरगुती औषधे

लहान मुलांना सर्दी, पडसे किंवा खोकला झाला की दवाखान्यात जाण्याआधी, किंवा दवाखान्यातल्या औषधाच्या जोडीने, घरच्या घरी केले जाणारे वनस्पतिजन्य उपचार. महाराष्ट्रात काढा, चाटण, शेक, धुरी, लेप आणि गुटी हे त्यांचे मुख्य प्रकार. लागणारी द्रव्ये मिसळणाच्या डब्यात, परसात किंवा बाजारपेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात. हे ज्ञान बहुतांशी बायकांनी सांभाळले आहे. आजी, सासू, सुईण किंवा शेजारची जाणती बाई बाळंतिणीला ते शिकवते आणि हात बसेपर्यंत स्वतः करून दाखवते.

आजाराचे स्वरूप

पाच वर्षांखालील मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा सर्दी होणे नेहमीचेच आहे. बालवाडी किंवा पाळणाघर सुरू झाले की पहिल्या वर्षी त्याहूनही जास्त वेळा होते. सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यांत ऱ्हायनोव्हायरस सर्वांत जास्त आढळतो. नाक वाहणे, कणकण आणि किरकिर आठवडा-दहा दिवसांत ओसरते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. हे गणित लक्षात घेतल्याशिवाय कोणत्याही घरगुती औषधाची पारख नीट होत नाही. सर्दी आपल्या चालीने बरी होतेच आणि शेवटी जे औषध दिले त्याला श्रेय मिळते. पाचव्या-सहाव्या दिवशी सुरू केलेला काढा म्हणूनच घरोघरी रामबाण ठरतो.

वनस्पती आणि कृती

खोकल्याच्या औषधांत पहिला मान अडुळशाचा. हे झुडूप राज्यात सर्वत्र उगवते. पाने इतकी कडू असतात की शेळ्याही तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या कुंपणाला ते लावण्याची रीत आहे. कच्चे पान कुटले तर रस फारसा निघत नाही. त्यामुळे पाने आधी वाफवतात किंवा तव्यावर मऊ करून घेतात आणि मग फडक्यातून पिळतात. हिरवट काळसर, उग्र वासाचा चमचाभर रस मध किंवा खडीसाखर घालून चाटवला जातो. पानांतील व्हॅसिसीन या अल्कलॉइडवरून पुढे ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले आणि १९६० च्या दशकात ते बाजारात आले. आज मोठ्या प्रमाणावर लिहून दिले जाणारे अँब्रॉक्सॉल हे त्याचेच पुढचे रूप. अडुळसा हाताशी असताना खोकलेकऱ्याने खचू नये, अशा अर्थाचा श्लोक वैद्यमंडळींच्या तोंडी असतो. एवढी पुण्याई असली तरी घरी पिळलेल्या रसात व्हॅसिसीन किती उतरले हे कळायला मार्ग नाही. ते झाडागणिक आणि ऋतूगणिक बदलते.

काढ्यात तुळस, आले किंवा सुंठ, गवती चहा, दालचिनी आणि चार-दोन मिरे पडतात. कफ दाटला असेल तर लेंडी पिंपळी आणि बेहड्याची साल घालतात. घसा खवखवत असेल तर ज्येष्ठमधाची काडी चघळायला देतात किंवा तिची पूड मधातून चाटवतात. ज्येष्ठमध गोड असल्याने मुले ती मागून घेतात, पण रोज आणि आठवडेच्या आठवडे घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातले पोटॅशियम घटते. रात्री हळद-दूध असतेच. दुधाने कफ वाढतो ही समजूतही त्याच घरांत नांदते. तिला आधार नाही, आणि दूध बंद केल्याने लहान मुलाचे पोषण मात्र तुटते.

शेक हा या साऱ्यांतला सर्वांत हळुवार उपचार. मूठभर ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर वास सुटेपर्यंत परततात आणि मऊ सुती फडक्यात सैलसर पुरचुंडी बांधतात. ती आधी स्वतःच्या गालावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहायची, मगच मुलाच्या छातीवर, पाठीवर आणि तळपायांवर फिरवायची. ओव्यातल्या थायमॉलच्या वासाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, उबेने मूल शांत होते आणि बहुतेक वेळा झोपी जाते. काही घरांत विड्याच्या पानाला तेल लावून ते दिव्यावर कोमट करतात आणि छातीवर ठेवतात. कुंडीत वाढणारा पानओवा कोकण-गोव्यात बऱ्याच अंगणांत असतो. त्याचे जाड, लवदार पान शेकून पिळले की थेंबभर रस मिळतो. गोव्यात आणि लगतच्या कोकणात काजूची फेणी छातीला, तळपायाला चोळण्याचीही रीत आहे. देशावर काही घरांत हेच काम ब्रँडीच्या थेंबांना दिलेले असते. मद्य तान्ह्या बाळाच्या नाजूक कातडीतून आणि पोटातून झपाट्याने रक्तात जाते, साखर खाली आणते आणि गुंगी आणते. ही रीत सोडलेलीच बरी.

बाळगुटी

गुटी एकट्या सर्दीसाठी नसते, पण ‘छाती भरली’ की तिच्यातले प्रमाण बदलतात. सहाणेवर आईच्या दुधाच्या किंवा उकळून गार केलेल्या पाण्याच्या थेंबांत एकेक द्रव्य उगाळले जाते. त्यात वेखंड, अतिविष, काकडशिंगी, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, सागरगोटा, जायफळ, मायफळ, नागरमोथा, हळकुंड, खारीक आणि बदाम असतात. माप वेढ्यांचे: सहाणेवरचा एक गोल घासा म्हणजे एक वेढा. बाळ महिन्याचे असताना वेखंडाचा जेमतेम एक वेढा, पुढे वयाप्रमाणे वाढवत नेतात. सर्दीत काकडशिंगी आणि अतिविष वाढते, पोट बिघडले तर मुरुडशेंग आणि कुडा. हे चाटण बोटाने किंवा बोंडल्याने बाळाच्या तोंडात जाते. वेढ्यांच्या मापामागची काळजी खरी आहे. बाळाला अगदी थोडे द्यायचे आणि रोज त्याच्याकडे पाहून द्यायचे, एवढी शिस्त त्यात आहे. पण कोण किती जोर लावून उगाळते, यावर दोन बायकांचा एक वेढा सारखा भरत नाही.

गुटीतल्या तीन द्रव्यांकडे विशेष लक्ष हवे. वेखंडात बीटा-ॲसॅरोन हे प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोग घडवणारे द्रव्य असते आणि त्यामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंडाचा खाद्यपदार्थांतील वापर बंद केला. जायफळ मात्रेबाहेर गेले तर गुंगी येते, आणि गुंगलेले बाळ ‘छान झोपले’ असे वाटते. अतिविष हिमालयात उंचावर मिळते आणि महाग असते. त्याच कुळातला बचनाग जहाल विषारी आहे, म्हणून ओळखीच्या दुकानाबाहेर ते घेऊ नये. शिवाय पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञ सांगतात. सहाण, उगाळायचे पाणी आणि बोट या तिन्ही वाटांनी जंतू पोटात जाऊ शकतात. गुटीचा डबा आजही बाळंतविड्यात येतो आणि परदेशी राहणाऱ्या लेकीच्या सामानातही जातो. तो ठेवायचाच असेल तर सहा महिन्यांनंतर आणि वैद्याला विचारून उघडावा.

आयुर्वेदातील मूळ

घरगुती रिवाजाच्या मागे ग्रंथांची परंपरा आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी कौमारभृत्य हे अंग बालरोगांचे असून काश्यपसंहिता हा त्याचा प्रमुख ग्रंथ. घरात पोहोचलेले सर्वांत प्रसिद्ध चूर्ण सितोपलादी. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २ आणि दालचिनी १, अशी त्याची निम्म्या-निम्म्याने उतरणारी रचना आहे. नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी यांचे बालचातुर्भद्र चूर्ण मुलांच्या ताप-खोकल्यावर आणि जुलाब-उलटीवर दिले जाते. वैद्य ही चूर्णे मूल पाहून, वजन आणि पचन पाहून देतात. तीच दुकानातून आणून घरी अंदाजाने दिली की तो वेगळाच उपचार होतो. २०२० मध्ये कोविडच्या काळात आयुष मंत्रालयाने तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २ आणि मिरी १ असा काढा सुचवला. तो अनेक घरांत मुलांनाही दिवसातून दोन-तीनदा पाजला गेला. सुंठ-मिरीचा जोर मोठ्यांना सोसतो, मुलांच्या पोटात त्याने आग होते.

काय उपयोगी ठरते

या उपायांपैकी सर्वांत जास्त तपासला गेला आहे तो मध. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १०५ मुलांपैकी काहींना झोपण्याआधी अर्धा तास मध दिला, आणि काहीही न दिलेल्या मुलांपेक्षा त्यांचा रात्रीचा खोकला कमी झाला. इस्राएलमध्ये २०१२ साली एक ते पाच वर्षांच्या ३०० मुलांना १० ग्रॅम मध किंवा तसाच दिसणारा खजुराचा अर्क देऊन पाहिले. मध घेतलेल्यांची, आणि त्यांच्या आईबापांची, झोप जास्त सुधारली. म्हणजे चाटणातला जो भाग केवळ ‘अनुपान’, म्हणजे औषध ज्यातून द्यायचे ते, म्हणून घेतला जातो, त्याच्याच बाजूने सर्वांत चांगला पुरावा आहे. वर्षावरील मुलाला झोपताना दीड-दोन चहाचे चमचे चांगला मध, मग तो महाबळेश्वरचा असो की मेळघाटचा, पुरेसा आहे.

कोमट पातळ पदार्थांनी घसा ओलसर राहतो आणि कफ सुटतो. तांदळाची पेज, मुगाचे कढण किंवा तुळस घातलेले कोमट पाणी यांचे काम तेच. चोंदलेल्या नाकासाठी मिठाच्या पाण्याचे थेंब साधे आणि निर्धोक आहेत. स्कॉटलंडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुलांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये मांडल्या गेलेल्या अभ्यासात असे थेंब वापरणाऱ्यांची सर्दी सरासरी आठऐवजी सहा दिवसांत गेली. भारतातील शासकीय आरोग्यसेवकांना बालआजारांच्या एकात्मिक व्यवस्थापनाचे जे प्रशिक्षण मिळते, त्यातही साध्या खोकल्यासाठी स्तनपान चालू ठेवणे, मध, तुळस, आले आणि इतर सुरक्षित स्थानिक उपाय सांगितलेले आहेत.

दही, केळे, पेरू बंद करण्याची पद्धत सर्वदूर आहे. आजारी मुलाची भूक आधीच मंदावलेली असते. त्याला जे जाईल ते खाऊ द्यावे.

काय टाळावे

एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये, बोटभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळे पडते, रडणे क्षीण होते, श्वास अडतो. हा आजार १९७६ साली ओळखला गेला. जन्मल्या-जन्मल्या सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याचा आपला संस्कार याच कारणासाठी बदलायला हवा.

कापूर हे दुसरे मोठे संकट. खोबरेल तेलात कापूर वितळवून छातीला लावतात, किंवा कापडात बांधून बाळाच्या गळ्यात घालतात. देवघरातली वडी रांगत्या मुलाने तोंडात घातली तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. दोन वर्षांखालील मुलांना कापूर, पुदिन्याचे सत्त्व आणि निलगिरी तेल असलेले मलमसुद्धा लावू नये. नाकात तेल किंवा तूप सोडले की ते फुप्फुसात उतरून चिवट न्यूमोनिया होऊ शकतो. खोकल्यावर टाकणखाराची लाही मधातून देतात, पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स आणि ते मुलांसाठी विष आहे. शेगडीत निखाऱ्यांवर ओवा, लसणाची टरफले आणि वावडिंग टाकून दिलेली धुरी बंद खोलीत श्वासनलिका आणखी आवळते. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देताना भाजलेली मुले सरकारी दवाखान्यांत नेहमी दिसतात, आणि सर्दी लवकर बरी होण्यात वाफेची मदत सिद्ध झालेली नाही.

दुकानातले सिरप

घरगुती उपायांकडे पुन्हा वळण्याला बाटलीबंद खोकल्याच्या औषधांची भीतीही कारण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापायला सांगितले. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातली मुले डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार चालू होते. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली शक्यतो टाळावीत, अशी सूचना काढली. बाटली नको म्हणून काढा वाटेल तेवढा पाजावा, असा मात्र याचा अर्थ होत नाही.

न्यूमोनिया ओळखणे

घरगुती औषध न्यूमोनिया बरा करत नाही, आणि सुरुवातीला तो सर्दीसारखाच दिसतो. खेड्यांत ‘डब्बा झाला’, ‘पोट उडते’, ‘छाती घुरघुरते’ असे त्याचे वर्णन होते. मेळघाटात अजूनही काही ठिकाणी अशा बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात आणि त्यात मोलाचे तास जातात. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या निवडक माणसांना आणि सुईणींना बाळाचे श्वास मोजून प्रतिजैविक द्यायला शिकवले. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मण्यांचे श्वासमापक केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी झाले.

श्वास मूल शांत असताना, दूध पीत नसताना, अंगावरचे कपडे वर करून पुरते एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांखाली ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून जास्त श्वास भरले, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध घेत नसेल किंवा हाक मारूनही जागे होत नसेल, तर काढा-शेक बाजूला ठेवून त्याच वेळी दवाखाना गाठावा, रात्र असली तरी. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला किंवा अंग गार पडले, तरीही हाच नियम.