वरचा मजला का तापतो: नागपूरच्या घरांची पार्श्वभूमी

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नागपुरातल्या दुमजली घरांत एकच तक्रार असते: खाली बरं आहे, वर बसवत नाही. गरम हवा वर चढते, असं सगळेच सांगतात. ते खरंच आहे, पण मोठा वाटा डोक्यावरच्या स्लॅबचा, आणि तो इथल्या घरांत तसा अलीकडचा.

महाल, इतवारी या जुन्या वस्त्यांतल्या घरांवर कवेलू (मातीची कौलं) असत आणि त्याखाली माळा. माळ्यावर धान्य, लाकडं, अडगळ, माणसं नाहीत. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाई. मजल्यांचं तापमान सारखं करायच्या फंदात कोणी पडत नसे, माणसंच जागा बदलत. दुपार खाली जाड भिंतींच्या खोलीत, रात्र अंगणात. १८६१ मध्ये नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं. सिव्हिल लाइन्समधल्या साहेबी बंगल्यांत उंच छत, व्हरांडे, दाराला वाळ्याच्या ताट्या. पण ते बहुतेक बैठे, त्यामुळे वर-खालीचा प्रश्नच नव्हता.

पुढे सिमेंट आलं, जागा महागल्या, प्लॉटवर मजला चढला आणि झोपायच्या खोल्या नेमक्या वर गेल्या. चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन साठवतो आणि रात्री ते खोलीत सोडत राहतो. पंखा रात्री अकरालाही गरम वारा फेकतो तो यामुळेच.

विदर्भाच्या कोरड्या हवेत कूलर भारी चालतो. मात्र हवेला बाहेर पडायला वाट हवी, आणि पावसाळी दमटपणा आला की त्याचा जोर संपतो. एसीला उलट दारं-खिडक्या बंद लागतात. जिना उघडा असेल तर गार हवा पायऱ्यांवरून खाली उतरते. बिल वरच्या खोलीचं, थंडावा बैठकीला! थंड देशांत मजल्यागणिक थर्मोस्टॅट (तापमान ठरवणारं बटण) आणि हवा नेणाऱ्या डक्टमध्ये झडपा बसवतात, पण ती सोय एकाच यंत्रातून घरभर हवा फिरवणाऱ्यांची. खोलीगणिक यंत्र असलेल्या आपल्या घरांत तिचं फारसं काम नाही.

म्हणून इथला खरा उपाय छतावरच शोधला गेला: विटांच्या तुकड्यांचा कोबा, पांढऱ्या फरशांच्या तुकड्यांचं चायना मोझॅक, चुना. केंद्राच्या २०१८ च्या इको-निवास संहितेनं, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीनं, छताच्या उष्णतावहनावर मर्यादाही घातली: दर चौरस मीटरला, दर अंश फरकामागे १.२ वॅट. उघडा स्लॅब याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत घेतो. संहिता नव्या इमारतींसाठी आहे. जुन्या घरांवर लोक उन्हाळ्याच्या तोंडाला पांढरा रंग मारतात; धूळ बसली की त्याचा गुण उतरतो, मग गच्ची धुवायची, नाहीतर पुन्हा हात मारायचा.