शिवसेनेचा वारसा : ठाण्यातून दिसणारी पार्श्वभूमी

शिवसेनेचा वारसदार कोण, हा प्रश्न जून २०२२ मध्ये पक्षात फूट पडली तेव्हा उभा राहिला असे राज्यभर मानले जाते. ठाण्याने तो एकवीस वर्षे आधीच पाहिला होता. २६ ऑगस्ट २००१ रोजी टेंभी नाक्यावरचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे गेले, तेव्हा त्यांनी मागे वारस नेमलेला नव्हता आणि वारस कसा निवडायचा याची रीतही कुठे लिहिलेली नव्हती. त्यानंतरच्या चार वर्षांत ठाण्याने स्वतःपुरते उत्तर शोधले. पुढे मुंबईत जे घडले, ते या उत्तराशिवाय नीट समजत नाही.

त्याआधीचा इतिहास ठाणेकरांना पाठ आहे. स्थापनेनंतर वर्षभरातच, १९६७ मध्ये, ठाणे नगरपालिकेत ४० पैकी १७ जागा मिळाल्या आणि पक्षाला पहिली सत्ता इथेच मिळाली. महापालिका झाल्यावर १९८६ मध्ये पहिला महापौरही याच पक्षाचा बसला. १९९६ मध्ये लोकसभेची जागा मित्रपक्षाकडून हट्टाने मागून घेतली गेली आणि जिंकली गेली. हा हट्ट मुंबईचा नव्हता, जिल्हाप्रमुखांचा होता, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

या जिल्हाप्रमुखांनी कधी निवडणूक लढवली नाही. त्यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. टेंभी नाक्यावरच्या त्यांच्या आनंद आश्रमात रात्री उशिरापर्यंत माणसांची रीघ असायची: शाळेतला प्रवेश, घरमालकाचा त्रास, नवरा-बायकोचे भांडण, रुग्णालयाचे बिल. निवाडा तिथल्या तिथे व्हायचा. उमेदवारी कोणाला द्यायची हेसुद्धा तिथूनच ठरायचे. म्हणजे सत्ता एकीकडे आणि संघटनेचा शब्द दुसरीकडे, अशी विभागणी होती आणि शब्द सत्तेपेक्षा वरचढ होता. मुंबईत संस्थापक शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे जे स्थान होते, त्याचीच ही जिल्ह्यातली आवृत्ती म्हणता येईल.

त्यांच्यानंतर ही विभागणी संपली. किसन नगरच्या शाखेतून वर आलेले नगरसेवक एकनाथ शिंदे २००१ मध्ये महापालिकेत सभागृह नेते झाले, २००४ मध्ये आमदार झाले आणि २००५ मध्ये जिल्हाप्रमुखपदही त्यांच्याकडेच आले. आमदारकी आणि संघटना पहिल्यांदाच एका हातात आली. २०१४ नंतर राज्यातले मंत्रिपद आणि २०१९ नंतर नगरविकास खाते त्यात मिळाले. नगरविकास खाते म्हणजे महापालिकांना मिळणारा निधी, आयुक्तांच्या नेमणुका आणि विकास आराखड्यांची मंजुरी. प्रभागातला रस्ता, गटार, उद्यान यांसाठी नगरसेवकाला कोणाच्या दारात जावे लागते, याचे उत्तर त्यातच आहे. जुलै २०२२ मध्ये ठाण्यातल्या पक्षाच्या ६७ माजी नगरसेवकांपैकी ६६ जण एका दिवसात शिंदे यांच्या बाजूला गेले, ते केवळ भावनेपोटी गेले असे म्हणणाऱ्याने ही वीस वर्षे पाहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी वारसा कधीच ठरून गेला होता.

मुंबईत मात्र वारसा वरून खाली उतरला. जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात संस्थापकांचे पुत्र उद्धव ठाकरे यांना कार्याध्यक्ष करण्याचा ठराव झाला आणि तो मांडला पुतणे राज ठाकरे यांनी. हेच पुतणे २००५ च्या अखेरीस बाहेर पडले आणि मार्च २००६ मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी संस्थापक गेले. जानेवारी २०१३ मध्ये ‘शिवसेनाप्रमुख’ हे बिरुद त्यांच्या नावावर कायमचे राखून उद्धव यांच्यासाठी नवे पद केले गेले, ते ‘पक्षप्रमुख’.

खरा गुंता या नव्या पदाचा आहे आणि तो कागदाचा आहे. पक्षाची घटना १९९९ मध्ये बदलली होती. निवडणूक आयोगाच्या आग्रहाने तिच्यात अंतर्गत निवडणुकीच्या तरतुदी आल्या होत्या आणि सर्वोच्च अधिकार राष्ट्रीय कार्यकारिणीकडे होता. २०१८ च्या दुरुस्तीत पक्षप्रमुखांचे पद घटनेत वरच्या टोकाला बसले. फूट पडल्यावर प्रश्न आला की पक्ष म्हणजे कोण? आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी सांगितले की २०१८ ची दुरुस्ती आपल्या दफ्तरी नाही आणि तिने नेमणुकांची जुनी पद्धत मागच्या दाराने परत आणली. म्हणून घटनेची कसोटी बाजूला पडली. संघटनेतल्या बहुमताचाही ठाम हिशेब लागेना. उरले ते विधिमंडळातले बहुमत. ५५ पैकी ४० आमदार आणि १८ पैकी १३ खासदार ज्या बाजूला, नाव आणि धनुष्यबाण त्या बाजूला, म्हणजे शिंदे यांच्या बाजूला.

तीन महिन्यांनी, ११ मे २०२३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने वेगळाच मुद्दा पुढे आणला. प्रतोद (सभागृहात पक्षादेश बजावणारा) आणि गटनेता नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. नव्या गटाच्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा ठरली आणि बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णयही अयोग्य ठरला. पण मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २९ जून २०२२ रोजी चाचणीला सामोरे न जाता राजीनामा दिला होता, म्हणून जुने सरकार परत आणता येणार नव्हते. आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ रोजी त्यांनी १९९९ चीच घटना ग्राह्य धरली, पक्षप्रमुखांची इच्छा म्हणजे पक्षाची इच्छा नव्हे असे ठरवले, फूट पडली तेव्हाच्या ५५ पैकी ३७ आमदारांच्या बळावर शिंदे यांचाच पक्ष खरा असे सांगितले आणि दोन्ही बाजूंच्या एकाही आमदाराला अपात्र केले नाही.

माझे मत असे आहे की या निकालात कायद्याची शिस्त दिसते, पण जे प्रत्यक्षात घडत होते त्याच्याशी तो जुळत नाही. २०१८ च्या रचनेखाली चार वर्षे सगळेच वागत होते. जानेवारी २०१८ मध्ये ज्यांना ‘नेते’ केले गेले, त्यांत ठाण्याचेही नेतृत्व होते. २०१९ च्या विधानसभेला उमेदवारांनी जोडलेले एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद, पक्षप्रमुखांच्या सहीचे होते आणि त्याच सहीवर निवडून आलेले आमदार पुढे दोन बाजूंना बसले. उमेदवारी देताना जी सही चालली, ती गटनेता बदलताना का चालू नये? या प्रश्नाला निकालात समाधानकारक उत्तर नाही.

आणि तरीही दोष एकट्या निकालाचा नाही. घटनादुरुस्ती आयोगाकडे पोचली आणि तिची नोंद झाली, हे दाखवणारा पक्का कागद इतक्या जुन्या पक्षाला समोर ठेवता आला नाही. प्रतिनिधी सभांच्या चित्रफिती निकालानंतर पत्रकार परिषदेत दाखवाव्या लागल्या, ही गोष्ट मनाला लागते. ज्या पक्षात साधा शाखाप्रमुखसुद्धा नोंदवहीत रोज कोण कशासाठी आले ते लिहून ठेवतो, त्या पक्षाने वरच्या पातळीवर निवडणूक ही कायम उपचार मानली. संस्थापकांच्या हयातीत तिची गरजच पडली नाही आणि नंतर तिची सवय लागली नाही.

शिंदे यांच्या बाजूचे चित्रही याहून निराळे नाही. जुलै २०२२ मध्ये ‘मुख्य नेता’ हे पद निर्माण झाले. ज्या १९९९ च्या घटनेवर पुढे सगळा निकाल उभा राहिला, तिच्यात सर्वोच्च पद ‘शिवसेनाप्रमुख’ हे आहे. म्हणजे दोन्हीकडे नेतृत्वाचे पद हे त्या त्या वेळेच्या माणसासाठी शिवलेले आहे.

ठाण्यात या सगळ्याचा अर्थ शाखेच्या दारात उतरला. फलक बदलले, रंगकाम झाले, कुठे जुने कुलूप तोडून नवे लावले गेले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंब्र्यातली एक शाखा जमीनदोस्त झाली आणि तिथे पक्षप्रमुखांना यावे लागले. एकाच बाकावर बसून वडापाव खाणारे लोक पोलीस बंदोबस्तात समोरासमोर उभे राहिले. शाखेचा ताबा हा इथे न्यायालयाच्या निकालापेक्षा मोठा पुरावा मानला जातो, कारण पाण्याची तक्रार घेऊन येणारी बाई आयोगाकडे जात नाही.

मतपेटीतला कौल २०२४ मध्ये दोनदा लागला. लोकसभेला ठाणे शिंदे यांच्या धनुष्यबाणाकडे राहिले, पण राज्यात ठाकरे यांच्या मशालीला नऊ आणि धनुष्यबाणाला सात जागा मिळाल्या. विधानसभेला चित्र पालटून ५७ विरुद्ध २० झाले. शिंदे यांच्या कोपरी-पाचपाखाडी मतदारसंघात तर दिघे यांचे पुतणेच मशाल घेऊन उभे होते आणि ते लाखाहून जास्त मतांनी पडले. रक्ताचा वारसा आणि कामाचा वारसा यांत ठाण्याने निवड केली, असे तेव्हा बोलले गेले. मला ते अर्धेच पटते, कारण जिंकलेल्या शिंदे यांचेही पुत्र २०१४ पासून कल्याणचे खासदार आहेत. मशालीच्या बाजूला संस्थापकांचे नातू २०१० पासून युवासेना सांभाळत आले आहेत.

जुलै २०२५ मध्ये उद्धव आणि राज हे दोन चुलत भाऊ वरळीत एका व्यासपीठावर आले, तेव्हा ठाण्यातल्या जुन्या शिवसैनिकांनी एकमेकांना फोन केले. त्यांपैकी कित्येकांचे नाव आज कोणत्याच बाजूच्या यादीत नाही. पुढच्या नेत्याची निवड मतदानाने होईल की घोषणेने, हे दोन्ही बाजूंनी अजून ठरवलेले नाही. ठरवायचे तर सुरुवात सदस्यनोंदणीच्या खऱ्या यादीपासून करावी लागेल, कारण प्रतिनिधी सभेला मतदार तिथूनच मिळतात.