माशावरचे पांढरे ठिपके गेले, म्हणजे रोग गेला का?

नवीन मासे आणणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट सारखीच असते. क्रॉफर्ड मार्केटमधून नाहीतर घराजवळच्या दुकानातून चार मॉली आणल्या, पिशवी थेट टँकमध्ये रिकामी केली, तीन-चार दिवसांनी शेपटीवर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले, दुकानदाराने दिलेल्या बाटलीतलं औषध टाकलं आणि दोन दिवसांत ठिपके गायब. मग औषध बंद. पुढच्या आठवड्यात मात्र मॉलीच काय, आधीपासून सुखाने राहणारे टेट्रासुद्धा ठिपक्यांनी भरले, आणि सगळे म्हणतात औषध बोगस होतं. अहो, औषधाचा दोष नाही, ते ठिपके औषध टाकलं नसतं तरी गेले असते!

हे नीट समजलं ना की नव्या माशांचं अर्धं काम झालं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या रोगाला व्हाइट स्पॉट किंवा नुसतं इच म्हणतात. तो करणारा जीव इक्थियोफ्थिरियस मल्टिफिलिस, एकपेशीय, शाळेत पॅरामिशियमची आकृती काढायचो त्याच्याच नात्यातला, अंगभर बारीक केसांसारख्या सिलिया असलेला. आपल्याला दिसतो तो एकेक ठिपका म्हणजे माशाच्या वरच्या कातडीखाली शिरून बसलेला एक जीव, जो तिथल्या पेशी खाऊन जवळजवळ एक मिलिमीटरपर्यंत वाढतो. एका पेशीसाठी हा आकार प्रचंड आहे. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर तो जागच्या जागी हळूहळू गोल फिरताना दिसतो आणि आत घोड्याच्या नालेसारखं केंद्रक असतं, ते एकदा ओळखलं की परत चूक होत नाही. आणि गंमत म्हणजे तो कातडीच्या आत असल्यामुळे पाण्यात टाकलेलं औषध त्याच्यापर्यंत नीट पोचतच नाही.

पोट भरलं की तो स्वतःच मासा सोडतो. आपण म्हणतो बरा झाला! तो तळाला जातो, खड्यांना, झाडांना, काचेला चिकटतो, भोवती चिकट आवरण करतो आणि आत विभागायला लागतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असं करत काहीशे, कधी हजाराच्या आसपास पिल्लं होतात. आवरणात असतानाही औषधाला तो दाद देत नाही. मग आवरण फुटतं आणि ही सगळी पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधायला निघतात, साधारण एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्यांवर.

आता हिशोब करा. माशावर ५० ठिपके होते, प्रत्येकाची ५०० पिल्लं धरली तरी २५,००० झाली, तीसुद्धा नदीत नाही तर दोन फुटी टँकमध्ये, जिथे मासे पळून जाणार कुठे. म्हणजे ठिपके गेले तो दिवस औषध थांबवायचा नाहीच, तेव्हाच तर ते चालू पाहिजे.

हे चक्र किती वेगाने फिरतं ते तापमानावर ठरतं. २५ अंशाला साधारण आठवड्याच्या आत एक फेरा होतो, १५ अंशाला दोन आठवड्यांच्या पुढे जातो, आणखी गार पाण्यात महिन्याच्या वर. पुण्या-नाशकात डिसेंबरमध्ये हीटर नसेल तर टँकचं पाणी बरंच गार होतं, त्यामुळे बाटलीवर लिहिलेले "तीन दिवस" तिथे काहीच कामाचे नाहीत. उलट ३० अंशाच्या आसपास हा जीव अडखळायला लागतो, म्हणून लोक हीटर वाढवतात, पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो तेव्हा एअर पंप जोरात हवा. आणि गोल्डफिशवर हा प्रयोग नको, तो थंड पाण्याचा मासा.

म्हणूनच नव्या माशांना मोठ्या टँकमध्ये सोडण्याआधी वेगळा टब. वीस-तीस लिटरचा साधा प्लास्टिकचा टब चालतो, त्यात स्पंज फिल्टर (जो आधी काही आठवडे मोठ्या टँकमध्ये चालवून ठेवलाय, म्हणजे अमोनिया, माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष, खाणारे बॅक्टेरिया त्यात आयते असतात), हीटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, आणि खाली खडे अजिबात नाही. खडे का नाहीत ते आता कळलं असेल, उघड्या तळावरून सायफन मारला, म्हणजे नळीने तळाचं पाणी ओढून काढलं, की आवरणातले जीवसुद्धा पाण्याबरोबर बाहेर जातात. नवे मासे इथे तीन-चार आठवडे. ठिपके दिसलेच तर लिटरला दोन-तीन ग्रॅम खडेमीठ, एकदम नाही, दोन दिवसांत विभागून, आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही दोन आठवडे उपचार चालू. कोरी आणि लोच जातीचे मासे मिठाला नाजूक असतात, तिथे जपून.

दुकानात निवडताना एका माशाकडे नाही, अख्ख्या टँककडे बघा, कारण पाणी सगळ्यांचं एकच. कोण पंख अंगाला चिकटवून कोपऱ्यात बसलाय, कोण खड्यांवर अंग घासतोय, कोणाचे कल्ले धाप लागल्यासारखे हलतायत. इच कधी कधी फक्त कल्ल्यांत असतो, बाहेर एकही ठिपका नाही. दुकानदाराला थोडं खाद्य टाकायला सांगा, न खाणारा मासा घेऊ नका. टॉर्च तिरका धरून बघा, अंगावर सोनेरी धूळ दिसली तर तो वेल्वेट, दुसराच परजीवी. आणि गोल्डफिशच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या पंखाच्या कडेवर रांगेत बारीक पांढरे दाणे असले तर घाबरू नका, तो प्रजननाच्या दिवसांतला नर आहे, त्याला औषध पाजू नका बिचाऱ्याला. इचचे ठिपके असे रांगेत नसतात, कुठेही विखुरलेले असतात.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. "मासा मेला म्हणजे घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं" असं वास्तूवाले सांगतात आणि लोक दुसऱ्या दिवशी नवा मासा आणून त्याच पाण्यात सोडतात. त्याच पाण्यात ती हजारो पिल्लं वाट बघत असतात! मासा मेला तर कारण शोधा, पाण्याचा अमोनिया तपासा, कारण नव्या टँकमध्ये वर येऊन तोंड उघडझाप करणारा मासा पुष्कळदा रोगाने नाही तर अमोनियाने तडफडत असतो. तसंच टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायची सवय सोडा, अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, इच बॅक्टेरिया नाही, फुकट फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मरतात आणि अमोनिया वाढतो. मॅलाकाइट ग्रीन असलेलं हिरवं औषध वापरलंत तर ग्लोव्हज घाला, खायच्या माशांवर ते अनेक देशांत बंद आहे ते उगाच नाही.

आणि टबची जाळी, बादली, सायफन मोठ्या टँकमध्ये वापरू नका. त्या ओल्या जाळीतून आलेला एकच जीव पुरतो.