मुलाचा जबाब आणि विचारणाऱ्याचे शब्द

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पुष्कळदा अंगावर खूण नसते, प्रत्यक्षदर्शी नसतो. उरतो तो फक्त मुलाचा जबाब. तो कुणी आणि कसा विचारून घेतला, यावर सगळा खटला अवलंबून असतो. ही जाणीव न्यायालयांना फार उशिरा झाली, आणि तिची किंमत मुलांनी मोजली.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीतल्या एका शिक्षकाविरुद्ध एका आईने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली. पोलिसांनी सुमारे दोनशे पालकांना पत्र पाठवलं आणि त्यात संशयिताचं नावच कळवून मुलांकडे विचारपूस करायला सांगितलं. तपासाची घडी इथेच विस्कटली. पुढे शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. हातात बाहुल्या देऊन, इतर मुलांनी सगळं सांगितल्याचं ऐकवून, ‘नाही’ म्हणणाऱ्याला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून. मुलं भुयारांबद्दल, विमानप्रवासांबद्दल बोलू लागली. १९९० मध्ये खटला संपला तेव्हा एकालाही शिक्षा झाली नाही.

मुलाखती घेणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांवर कुणी विश्वासच ठेवत नाही, हा तोवरचा अनुभव खरा होता. मानसोपचारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी १९८३ मध्येच लिहिलं होतं की, पीडित मूल उशिरा बोलतं आणि बोललेलं मागेही घेतं. घोळ झाला तो पुढे. मुलाचा नकार हीच अत्याचाराची खूण मानली जाऊ लागली आणि मुलाला खरं ‘नाही’ म्हणायला जागाच उरली नाही.

न्यू जर्सीत अशाच आरोपांवरून बालवाडीतल्या एका शिक्षिकेला १९८८ मध्ये ४७ वर्षांची शिक्षा झाली. १९९३ मध्ये ती रद्द झाली. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, मुलाखतीत दबाव आल्याचं दिसत असेल तर जबाब विश्वासार्ह आहे का, हे खटल्याआधीच तपासायचं आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, कारण संशयाचा रोख मुलावरून विचारणाऱ्याकडे वळला.

संशोधनाने याला बळ दिलं. १९९८ च्या एका प्रयोगात मॅकमार्टिनमधली तंत्रं ३ ते ६ वर्षांच्या मुलांवर निरुपद्रवी प्रसंगाबद्दल वापरली गेली. नुसत्या सूचक प्रश्नांनी १७ टक्के चुकीचे होकार मिळाले. कौतुक, दटावणी आणि ‘बाकीचे सांगतात’ची जोड दिली की ५८ टक्के. तेही काही मिनिटांत.

मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी मुलाखतीसाठी तयार केलेली चौकट अशाच संशोधनातून आली. आधी साध्या विषयावर बोलायचं, ‘माहीत नाही’ म्हणायला मुभा द्यायची आणि मग ‘काय झालं ते सगळं सांग’ एवढंच विचारायचं. पण प्रशिक्षण एकदा देऊन भागत नाही. देखरेख आणि अभिप्राय थांबला की मुलाखतकार पुन्हा सूचक प्रश्नांकडे वळतात, हे लॅम्ब यांच्याच गटाला आढळलं.

भारतात २०१२ च्या पोक्सो कायद्याने जबाब कुठे आणि कुणासमोर घ्यायचा हे सांगितलं, पोलिसांनी गणवेशात असू नये असं म्हटलं, शक्य तिथे दृकश्राव्य नोंद करायला सांगितलं. पण जबाब घेताना मुलाला कोणत्या शब्दांत विचारायचं, हे त्या कलमांत नाही.